सतरा वेळा दिसलेली फटाकडी

ता. ४ ऑक्टोबर

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

गुडघ्याची पट्टी वेगळी पाठवली आहे. ती गुडघ्यावर बांधायची असते, कपाटात जपून ठेवायची नसते, एवढं सांगून मुद्द्यावर येते.

सोबत एक पत्र जोडलं आहे, ते आधी वाच. बाबा ज्या पक्षी बघणाऱ्या मंडळात जातात, त्याच्या प्रमुखांचं आहे. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, बाबा ज्यांना मोजणीदार म्हणतात, ते. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या गावच्या बागेतल्या त्या कोपऱ्यात, जिथं पंपाचं पाणी साचून पाणकणसं माजली आहेत, तिथं बाबांनी तीन आठवड्यांत सतरा वेळा फटाकडी दिसल्याची नोंद केली आहे. फटाकडी म्हणजे पाणकोंबडीची लाजाळू धाकटी बहीण. चिमणीहून थोडी मोठी, तपकिरी, आणि माणसाची चाहूल लागली की गवतात गडप. मंडळातल्या बाकी कुणालाही ती एकदासुद्धा दिसलेली नाही. त्यांनी बाबांना तसं विचारलं, तर बाबा वही आपटून निघून गेले. शेवटी त्यांनी अगदी सभ्यपणे लिहिलंय, की या वयात कधीकधी नसलेलं दिसू लागतं, घरच्यांनी लक्ष द्यावं.

आत्या, मला झोप लागत नाही. गेल्या वर्षी बाबांनी चष्म्याचं दुकान बंद केलं, पाय दुखतात म्हणून. पत्रं येतात ती जाड पेनानं, मोठमोठ्या अक्षरांत, आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मी औषधाच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावते, पण बाबांचं अक्षर मला लागत नाही म्हणजे काय? फोन केला तर सगळं ठीक एवढंच सांगतात. आपल्या घरात फोनवर तब्येत विचारतात आणि खरं कागदावर लिहितात, म्हणून तुला लिहिते आहे.

तू दोन गल्ल्या सोडून राहतेस. बाबांना न कळू देता चार दिवस त्यांच्या मागे जा आणि ते काय करतात ते मला कळव. डोकं फिरायला लागलं असेल तर मी त्यांना एकटं राहू देणार नाही. इथली मागची खोली रिकामी केली आहे. ते म्हणतील, माझं घर सोडून कुठं येणार नाही. म्हणू देत.

तुझ्या मायेचा हात डोक्यावर आहेच, सध्या तुझ्या नजरेचीही गरज आहे.

तुझी,
ठमी


ता. ११ ऑक्टोबर

चि. ठमी हिस,
अनेक आशीर्वाद.

पट्टी मिळाली. बांधली आहे.

तू योग्य माणसाला काम सांगितलंस. एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली मी. बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर किती मन लावून बघतो, ते मला विचार. सलग पाच दिवस पाळत ठेवली. तपकिरी शाल डोक्यावरून घेतली, हातात वर्तमानपत्र, आणि माळ्याच्या अवजारांच्या खोलीमागे उभी राहिले. माळी पहिल्या दिवशी हाकलायला आला होता, त्याला मी सरळ सांगितलं, की मी माझ्या भावावर नजर ठेवते आहे. तेव्हापासून तो मला डबा उलटा करून बसायला देतो.

आता काय दिसलं ते ऐक. दादा सहा वाजून दहा मिनिटांनी घरातून निघतो. मोठ्या रस्त्याच्या कडेला येऊन थांबतो. रस्ता मोकळा असला तरी थांबतो. मग सायकल हातात धरून पाव पोचवणारी बाई येते, ती रस्ता ओलांडते आणि हा तिच्या मागोमाग. पाचही दिवस! बुधवारी तिला उशीर झाला तर हा वीस मिनिटं तिथं खांबासारखा उभा. बाई पन्नाशीची आहे, नाकीडोळी बरी आहे. मी काही म्हणत नाही, फक्त पाहिलं ते लिहिते.

बागेत आला की कोपऱ्यातल्या बाकावर बसतो. पण ठमे, पाण्याकडे तोंड करून बसतच नाही! पाण्याकडे खांदा आणि तोंड समोरच्या दिव्याच्या खांबाकडे. दुर्बीण गळ्यात असते, पण तिच्या पिशवीचं बटणसुद्धा उघडत नाही. त्या खांबावर ना पक्षी, ना घरटं, नुसता खांब. त्याच्याकडे अर्धा-पाऊण तास टक लावून बघतो आणि मग एकदम खुशीत येऊन वहीत लिहितो. त्यानं दोन वेळा वहीत लिहिलं, आणि दोन्ही वेळा तो पाण्याकडे बघत नव्हता. शपथेवर सांगेन.

म्हणजे मोजणीदार खरं बोलतो. फटाकडीबिटाकडी काही नाही, तुझा बाप वहीत थापा लिहितो. का, ते मला कळलेलं नाही. लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे. माझ्या जागेवरून कान दिसत नाहीत. उद्यापासून जागा बदलते.

तुझ्यावरचा लोभ पूर्वीसारखाच, त्याच्यावरचा जरा तपासणीखाली.

तुझी आत्या


ता. १४ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षराबद्दल बोलू नकोस. बारीक पेन हरवलं आहे आणि नवं आणायला आळस केला.

मोजणीदारानं तुला पत्र घातल्याचं मला कळलं. तोच येऊन सांगून गेला, मोठा उपकार केल्यासारखा. त्या माणसाची एक गंमत आहे. त्याला पक्षी म्हणजे प्लॉट वाटतो. चारी बाजूंनी हद्द दिसली तरच तो आहे. फटाकडी अशी सापडत नसते, बाळ. ती आधी बोलते. पाणकणसाच्या आतून एक घोगरा, घसरत जाणारा आवाज येतो, घोडा खिंकाळावा पण अगदी बारकासा. मग पंधरा मिनिटं काही नाही. मग कडेचं एक पान हलतं आणि ती चिखलावर पाऊल टाकते, शेपटी उडवते, दोन किडे टिपते, की पुन्हा आत. तू तिच्यावर डोळे रोखलेस की संपलं. मंडळाचे लोक येतात ते दहा-बारा जण मिळून, रंगीत जाकिटं घालून, एकमेकांना गप्प बसा म्हणून ओरडत. त्यांना फटाकडी दिसेल की फटाकडीला ते?

दुसरी बातमी. माझ्यावर कुणीतरी पाळत ठेवतं आहे. थट्टा करत नाही. माळ्याच्या खोलीमागे एक तपकिरी कपड्यातली जाडी बाई रोज उभी असते. माझी खात्री आहे, मोजणीदारानंच नेमली आहे. काल ती दहा पावलांवर येऊन उभी राहिली. मी निघताना मुद्दाम तिच्याजवळून गेलो आणि नमस्कार केला. तिनं उत्तर दिलं नाही. असले लोक!

तुझ्या मागच्या खोलीचं तू सुचवलंस. चांगली खोली आहे, पण मी इथं बरा आहे. माझे पाय मला या घरात न विचारता नेतात.

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त काळजी थोडी कमी कर.

तुझे,
बाबा


ता. १९ ऑक्टोबर

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

बाबांच्या पत्राची नक्कल पाठवते आहे. ती जाडी बाई तूच ना? मग बाबांनी दहा पावलांवरून तुला ओळखलं नाही! शाल घेतलेली असली म्हणून काय झालं, पासष्ट वर्षांची ओळख आहे. जवळून गेले, नमस्कार केला, आणि सख्ख्या बहिणीला परकी समजून घरी गेले.

की ते नाटक करत होते? तुला ओळखून, तुझी फिरकी घेत होते? मी चार वेळा वाचलं. तसं असतं तर मला लिहिताना त्यांनी मजा सांगितली असती. आणि तूसुद्धा, आत्या, तो नमस्कार मला का कळवला नाहीस? पाच दिवसांनी मला तो बाबांच्या पत्रातून कळतो. तुम्ही दोघं लहानपणापासून एकमेकांवर पांघरूण घालत आला आहात. आता तसं करू नकोस.

मी इथल्या डॉक्टरबाईंशी बोलले. माणसं न ओळखणं हे चांगलं लक्षण नाही म्हणाल्या. नोव्हेंबरच्या शेवटी रजा मिळते आहे, तेव्हा येऊन त्यांना घेऊन जाते. भांडतील, रडतील, मी ऐकणार नाही. त्याआधी तू फक्त एवढं कर. गप्पा मारता मारता त्यांची आठवण तपास. जुनं काय आठवतं, नवं काय विसरतात. आणि जे दिसेल ते लिही, बरं वाटेल ते नको.

रागावू नकोस. घाबरले आहे म्हणून असं लिहिते.

तुझी,
ठमी


ता. २८ ऑक्टोबर

चि. ठमी हिस,
अनेक आशीर्वाद.

नमस्काराचं लिहिलं नाही, कारण लाज वाटली. मला वाटलं त्यानं मला ओळखलं आणि सगळ्या बागेसमोर माझी टर उडवली. मी तोंड फिरवून उभी राहिले. त्यानं ओळखलंच नाही, हे मला तुझ्या पत्रानं कळलं.

तू सांगितलंस तशी परीक्षा घेतली. रविवारी जेवायला बोलावला. आईच्या माहेरचे पत्ते, जुन्या भाडेकरूंची मुलं, माझ्या लग्नात कोण रुसलं, सगळं विचारलं. गडी एकदाही अडला नाही. शिवाय मी चौथीत असताना फोडलेली बरणी त्याच्या नावावर घातली होती, तेही तारखेसकट काढलं. ठमे, डोकं माझ्याहून बरं चालतं त्याचं. मग मला का ओळखलं नाही? माझा संशय आणखीच वाढला. पण आता दिशा बदलली.

काल सकाळी शाल घरी ठेवली. पाण्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. अर्धा तास काही नाही. दादा खांबाकडे बघतोय, मी दादाकडे. तेवढ्यात तो घोगरा आवाज आला, आणि थोड्या वेळानं पानं हलली आणि ती बाहेर आली. खरंच आली! एवढीशी, तपकिरी, लांब बोटं, शेपटी उडवत. दादाच्या बुटापासून चार हातांवर. मी श्वास धरून बसले. आणि तो? तो खांबाकडेच बघत होता. पण ती डावीकडे सरकली की याची मान हळूच उजवीकडे वळायची. ती उजवीकडे आली की मान डावीकडे. ती आत गेली तेव्हा तो हसला आणि वही उघडून लिहायला लागला.

त्याला ती दिसत होती, ठमे. तिच्याकडे न बघताच दिसत होती.

मी उठून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, कोण पाहिजे. मी एक पाऊल पुढे टाकलं. मग त्यानं मान वळवली, माझ्या खांद्यापलीकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. माझं नाव घेतलं. मग आम्ही बाकावर बसलो आणि त्यानं सगळं सांगितलं. पाव पोचवणाऱ्या बाईबद्दल मी जे लिहिलं ते मनातून काढून टाक. मी मूर्ख आहे.

पुढचं सांगायचा हक्क त्याचा आहे. मी त्याला आठवडा दिला आहे. त्यानं लिहिलं नाही, तर मी लिहीन.

माया पातळ होऊ देऊ नकोस, कुणाच्याच बाबतीत.

तुझी आत्या


ता. १ नोव्हेंबर

चि. ठमी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आत्यानं आठवडा दिला होता. चार दिवसांत लिहितो आहे, म्हणजे दंड बसणार नाही.

माझ्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. नजरेच्या बरोबर मध्यावर एक करडा डाग आहे. ज्याच्याकडे बघावं, तेच त्या डागाखाली जातं. कडेचं दिसतं. म्हणून मला काही बघायचं असलं, की मी त्याच्या शेजारी बघतो. फटाकडी बघायची तर खांबाकडे. अक्षर वाचायचं तर कागदाच्या बाहेर. आणि रस्त्यावरची वाहनं नीट कळत नाहीत, म्हणून ती पाववाली बाई जाते तेव्हा तिच्या सायकलच्या घंटीमागून जातो. तिला अजून माहीत नाही. एकदा आभार मानायचे आहेत.

चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवल्या. हा आजार माझ्या दुकानात कितीतरी जण घेऊन आले, आणि मी त्यांना डॉक्टरकडे धाडलं, घरच्यांना सांगा म्हणून बजावलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डॉक्टरांकडे गेलो होतो. माझ्या प्रकारच्या डागावर औषध नाही, तो हळूहळू पसरतो, एवढं त्यांनी सांगितलं. ते मला आधीच माहीत होतं. दुकान पायांमुळे बंद केलं नाही. एका मुलीला चुकीचा नंबर दिला, त्या दिवशी बंद केलं.

तुला का नाही सांगितलं, हे तू विचारशील. सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी येऊन मला घेऊन गेली असतीस. तुझ्या त्या खोलीत मी आंधळा झालो असतो. इथं मला पायऱ्या पाठ आहेत, नळ पाठ आहे, कोपऱ्यातली बाग पाठ आहे. आणि इथं एक पक्षी आहे जो डोळे रोखून बघणाऱ्याला दिसत नाही आणि मला दिसतो. मोजणीदारानं माझ्या नोंदी खोट्या ठरवल्या तेव्हा मी वही आपटली ती म्हणूनच. दुसरं मला काय दिसतं आता?

आणखी एक. तू मे महिन्यात आलीस, त्या संध्याकाळी तू समोर बसून बोलत होतीस आणि मी सारखा दाराकडे बघत होतो. तू मध्येच गप्प झालीस आणि लवकर निजायला गेलीस. मी ते रात्रभर मनात घोळवत राहिलो. ठमे, दाराकडे बघितलं की मला तुझा चेहरा दिसत होता.

मला इथं राहू दे. जेवढे दिवस कडा आहेत तेवढे दिवस.

तुझ्या मायेवर भरवसा ठेवून,
बाबा


ता. ८ नोव्हेंबर

ती. बाबा,
शि. सा. न.

पत्र दुकानातच उघडलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. मालकांना सांगितलं, बाटली फुटून डोळ्यांत औषध उडालं.

फार रागावले आहे. आजारावर नाही, तुमच्यावर. मला खरंच वाटलं होतं, तुम्ही मी कधी जाते याची वाट बघत दाराकडे बघताय. सहा महिने मी ते मनात ठेवलं. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर?

तुम्ही तिथंच राहा. तुमच्यासाठी घेतलेली डॉक्टरबाईंची वेळ रद्द केली. रजा घेतलीच आहे, तर आठ दिवस नुसती राहायला येते, न्यायला नाही. पाववाल्या बाईला तेव्हा आपण मिळून भेटू. आत्या रोज सकाळी तुमच्याबरोबर बागेत येईल असं तिनं कळवलं आहे. तुमच्या वहीत दुसरी सही तिची. ती एकतीस वर्षं खोटी तिकिटं पकडत आली आहे, मोजणीदारांची काय बिशाद तिच्यावर शंका घेण्याची!

माझी एकच अट आहे. मी इथून तुमचे डोळे तपासू शकत नाही. मला तुमच्या शब्दावरच चालायचं आहे. ज्या दिवशी कडेनंही दिसेनासं होईल, त्या दिवशी मला खोटं लिहू नका. मी विचारायच्या आधी लिहा. एवढं कबूल असेल तर मी पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही.

तुमच्यावर संशय घेतला त्याची क्षमा, आणि घ्यायला लावलात त्याचा जाब प्रत्यक्ष भेटीत.

तुमची,
ठमी


ता. २० मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर आत्याचं आहे, शब्द माझे. मध्येच कुठं तिचं स्वतःचं काही घुसलं तर ओळखून घे.

काल सकाळी फटाकडी बोलली. थोड्या वेळानं आत्यानं माझा दंड दाबला, म्हणजे ती बाहेर आली. मी खांबाकडे पाहिलं. मग फाटकाकडे, मग झाडाच्या शेंड्याकडे, मग जमिनीकडे. आत्या कानाशी सांगत होती, की आता तिनं पाण्यात पाय टाकला, आता शेपटी उडवली, आणि मागून दोन पिल्लं आली आहेत, काळी, अंगठ्याएवढी. मला चिखल दिसत होता. चिखलातून ती वेगळी निघेना. ती पाचएक मिनिटं तिथं होती म्हणे, पिल्लांना भरवत.

आत्यानं वही पुढे केली. मी सही केली नाही. मोजणीदारांनी केली. ते हल्ली रोज येतात, एकटे, करड्या सदऱ्यात, आणि गप्प बसतात. त्यांनी माझ्या सतराच्या सतरा नोंदी पुन्हा मंडळाच्या वहीत घेतल्या आहेत. माझ्या हातात पेन देऊन ते म्हणाले, की पिल्लांची नोंद तुमच्या नावावर व्हायला हवी. मी नको म्हटलं. जे मला दिसलं नाही, त्याखाली माझं नाव नको.

दिसली, असं तुला लिहिणं फार सोपं होतं. आत्या तसं लिहायलाही तयार होती. वरचा चिखलाचा मजकूर तिनं पहिल्यांदा लिहिलाच नव्हता. मी वाचून दाखवायला लावलं तेव्हा सापडली.

आता तू घ्यायला ये. भांडणार नाही. सामान दोन पेट्या आहे. आत्या म्हणते तिसरी तिची असेल. ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुझ्या सवडीनं ये, पण या महिन्यातच ये. आणि दारात आलीस की आधी हाक मार, नुसती उभी राहू नकोस.

तुझा लोभ आहे, तो मला न बघताही कळतो.

तुझे,
बाबा